नोटीस लावली होती ना!

गेल्या रविवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या बुचाच्या झाडाला एक कागद चिकटवलेला दिसला. दिसला म्हणजे आईला दिसला, मला नाही, कारण कागद झाडाच्या भिंतीकडच्या बाजूला लावला होता आणि तो वाचायचा तर एक पाय गटाराच्या झाकणावर आणि एक शेजारच्यांच्या ॲक्टिव्हाच्या फूटबोर्डवर ठेवावा लागत होता. आई रोज सकाळी त्या झाडाखाली पडलेली फुलं वेचते (लांब देठाची पांढरी फुलं, ज्यांनी लहानपणी त्यांच्या दोऱ्याशिवाय वेण्या गुंफल्यात त्यांना वेगळं सांगायला नको), त्यामुळं तिच्या नजरेत आला. शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, त्यांच्या नव्या गेटच्या आड हे झाड येतंय, कुणाची हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी. तारीख बघितली तर चार दिवस आधीच उलटून गेले होते आणि मधे पाऊस पडल्यामुळं अर्धी शाई खाली ओघळलेली.

मी जाम चिडलो. ही काय पद्धत झाली, भिंतीकडं तोंड करून कागद लावायचा, आम्ही काय पालीसारखं भिंतीवर चढून वाचायचं का वगैरे वगैरे. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, तू पण असेच लावतोस ना रे?

तर हो. मी पण असेच लावतो.

म्हणजे झाडाची नोटीस उद्यान खात्याची असते, पण बरोबर खळ आणि फोटो काढायला मोबाइल घेऊन जाणारा माणूस बहुतेक वेळा आमचा, म्हणजे बांधकामाचं काम घेणाऱ्या कंपनीचा असतो. फोटो महत्त्वाचा. जिओटॅगवाला (कुठं काढला ते नोंदवलेला) फोटो फाइलला लागला की काम झालं. तो कागद कुणी वाचला का, हा रकाना त्या फाइलीत नाहीच. बारा वर्षं झाली मला ह्या लायनीत आणि ह्या बारा वर्षांत मी स्वतः सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य कुठलं असेल तर ते हे, नोटीस लावली होती ना! रस्ता खणला, पाणी बंद झालं, दुकानासमोर पत्रे ठोकले, झाड पाडलं, लोक तावातावानं आले की आपण फाइल उघडायची, फोटो दाखवायचा. समोरचा गप्प बसतो. गप्प बसला म्हणजे पटलं असं आम्ही धरून चालतो.

मी मूळचा डिप्लोमा सिव्हिल. पहिली काही वर्षं साइटवरच काढली, सळईचं शेड्यूल, क्यूब टेस्ट, लेबरचं पेमेंट, रात्रीचा पोअर असला की काँक्रीटचा शेवटचा मिक्सर येईपर्यंत जागायचं. मग पेठेतल्या एका ड्रेनेज लाइनच्या कामावर एका काकूंच्या दाराची पायरी जेसीबीनं तुटली, त्यांनी काम बंद पाडलं, दोन दिवस कुणाला ऐकेनात. मी जाऊन तासभर त्यांच्या ओट्यावर बसलो, चहा प्यायलो, त्यांच्या सासऱ्यांनी ती पायरी कशी बसवून घेतली होती ते सगळं ऐकलं आणि संध्याकाळी गवंडी लावून पायरी करून दिली. एवढंच. पण ऑफिसात बातमी पोचली आणि तेव्हापासून कुठंही काही झालं की "ह्याला पाठवा" सुरू झालं. आता माझ्या कार्डावर पब्लिक आउटरीच अँड स्टेकहोल्डर एंगेजमेंट असं दोन ओळींत लिहिलंय. साइटवरची पोरं मला भांडण मॅनेजर म्हणतात आणि ते जास्त बरोबर आहे.

स्टेकहोल्डर शब्दाची पण एक गंमत आहे. पहिल्यांदा त्याचं मराठी करायची वेळ आली तेव्हा मी डिक्शनरी बघून ठोकून दिलं, "सर्व हितसंबंधी व्यक्तींनी बैठकीस उपस्थित राहावे". मीटिंगला पहिलाच माणूस आला तो भांडायच्याच तयारीनं. म्हणे माझे कसले हितसंबंध? मी काय टक्केवारी खातो का? बरोबरच होतं त्याचं, पेपरात हितसंबंध हा शब्द कायम "गुंतलेले" ह्या शब्दाबरोबरच येतो. आता सगळीकडं हितधारक लिहितात, तेही कर्जाच्या हमीदारासारखं वाटतं. मी हल्ली सरळ "ज्यांच्या दारात काम आहे ते सगळे" असं लिहितो. साहेब लोकांना आवडत नाही पण लोक येतात.

आणि सस्टेनेबल. त्याचं मराठी शाश्वत. एका पुलाच्या कामाच्या वेळी नदीकाठच्या देवळात आमचं प्रेझेंटेशन होतं, मी पहिल्याच स्लाइडला "शाश्वत विकासाकडे एक पाऊल" म्हणालो आणि मागं बसलेले एक आजोबा, हातात टाळ, बहुतेक भजनासाठी लवकर येऊन बसलेले, मोठ्यानं म्हणाले, शाश्वत एक पांडुरंग, बाकी सगळं नाशवंत, तुमचा पूल पण! सगळं देऊळ हसलं. मी पण हसलो, पण पुढच्या अठरा स्लाइडमध्ये तो शब्द अजून नऊ वेळा होता आणि प्रत्येक वेळी खसखस पिकत होती.

हे नुसते विनोद नाहीयेत. जनसुनावणीच्या कागदांत ह्याच गोष्टीचा तमाशा होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेप्रमाणं मोठ्या प्रकल्पांना मंजुरीच्या आधी जनसुनावणी घ्यावी लागते, ती राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ लावतं, किमान तीस दिवस आधी पेपरात नोटीस द्यावी लागते, एक राष्ट्रीय दैनिक आणि एक स्थानिक भाषेतलं. अध्यक्षस्थानी कलेक्टर किंवा अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी. सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग. आणि अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्यायचा. कागदावर फार चांगली सोय आहे, मी मनापासून म्हणतोय.

आता हा सारांश मराठीत कोण करतं? कन्सल्टंट तो एका मुलाकडं देतो, तो मुलगा गूगलकडं देतो. माझ्या हातात एकदा असा सारांश आला, गावात वाटून झाल्यावर आला, आधी नाही. त्यात लिहिलं होतं, "प्रकल्पस्थळी एक तयार काँक्रीट वनस्पती उभारण्यात येईल." मी दोनदा वाचलं. मग पेटली. आरएमसी प्लांट, म्हणजे रेडीमिक्स काँक्रीट बनवायचा प्लांट! पुढं "सांडपाणी उपचार वनस्पती" पण होती आणि "वनस्पतीच्या आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून तिच्याभोवती पत्रे लावण्यात येतील" असंही होतं. गावातल्या एका शिक्षकांनी सुनावणीत उभं राहून हे वाक्य शांतपणे वाचून दाखवलं आणि विचारलं, ही वनस्पती रात्री पण ओरडते का? पुढं आमच्या साहेबांनी धुळीचं, पाण्याचं, रोजगाराचं जे काय खरं खरं सांगितलं ते कुणीही ऐकलं नाही. का ऐकावं? ज्या कंपनीला त्यांच्या भाषेतला चार पानांचा कागद एकदा डोळ्याखालून घालायची गरज वाटली नाही ती त्यांच्या विहिरीची काळजी घेणार असं कोण मानेल.

भाषेचा हा प्रश्न फक्त आमच्यासारख्या फुटकळ कंपन्यांचा नाही. २०२० मध्ये केंद्रानं ह्याच अधिसूचनेचा नवा मसुदा आणला होता, त्यात सुनावणीच्या नोटिशीचे तीस दिवस वीसवर आणायचं घाटत होतं, आणि तो मसुदा लोकांना वाचता येईल अशा भाषांत नाही म्हणून प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. कोर्टानं सांगितलं, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसच्या बावीस भाषांत भाषांतर करा. लोकांना विचारायचं तर त्यांना कळेल असं विचारा, एवढं साधं सांगायला हायकोर्ट लागलं.

आणि अजून एक गोष्ट जी बहुतेक शहरी लोकांना माहीतच नसते. इमारतींना जनसुनावणी नसते. वीस हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम गेलं की पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारती आणि टाउनशिप लोकांशी सल्लामसलतीतून वगळलेल्या आहेत. मेट्रो-रेल्वे तर मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या यादीतच नाही. मंजुरी मिळाल्यावर मात्र सात दिवसांत दोन स्थानिक पेपरांत जाहिरात द्यायची, त्यातली एक मराठीत, की अमुक प्रकल्पाला मंजुरी मिळालेली आहे. म्हणजे आधी विचारायचं नाही, नंतर कळवायचं. ती जाहिरात तुम्ही पाहिलीये का कधी? पान सात, नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या खाली, चणे-दाण्याच्या पुडीवर जास्त लोक वाचत असतील.

विचारणं आणि कळवणं ह्यातला फरक मला वरळीच्या कोळ्यांमुळं कळला. मी त्या कामावर नव्हतो, लांबूनच बघत होतो, पण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं ते प्रकरण वाचायला पाहिजे असं माझं मत आहे. मुंबईचा कोस्टल रोड प्रिन्सेस स्ट्रीटच्या फ्लायओव्हरपासून वरळीला सी लिंकपर्यंत, साडेदहा किलोमीटरच्या आसपास. वरळीच्या टोकाला तो सी लिंकला जोडायचा तर मधे समुद्रात खांब, आणि तिथंच क्लीव्हलँड बंदर, कोळीवाड्याच्या बोटी जायच्या-यायच्या वाटेवर. दोन खांबांत अंतर ठेवलं होतं साठ मीटर. ड्रॉइंगवर बघितलं तर साठ मीटर म्हणजे भरपूर, बोट असते किती रुंद, आरामात जाईल. कोळी म्हणाले नाही जाणार. कारण बोट ड्रॉइंगवर सरळ जाते, समुद्रात सरळ जात नाही, वारा आडवा असतो, ओढ असते, आजूबाजूला खडक, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येताना बोट लाटेवर कुठं फेकली जाईल सांगता येत नाही. त्यांची मागणी दोनशे मीटरची होती, मग एकशे साठ. काही वर्षं हे भांडण चाललं, बोटी मधे घालून त्यांनी काम अडवलं, तज्ज्ञांचे अहवाल आले, साठ पुरेसं आहे असंही सांगून झालं. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं मधला एक खांब काढायचं मान्य केलं आणि अंतर एकशे वीस मीटर झालं.

आता मला ह्यात काय दिसतं सांगतो. खांब काढणं हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हतंच. एप्रिल २०२४ मध्ये तिथंच कोस्टल रोड आणि सी लिंक जोडणारा १३६ मीटर लांबीचा कमानीचा गर्डर समुद्रातून तराफ्यावर आणून बसवला, दोन हजार टनांचा, टीव्हीवर बघितला असेल तुम्ही. म्हणजे जमत होतं. पण जे डिझाइनच्या टेबलावर एका पेन्सिलीनं झालं असतं ते खांबांचं काम निम्म्यात आल्यावर करायचं म्हणजे पैसा, वेळ, फाउंडेशनचा पुन्हा विचार. आणि ह्या सगळ्यात कोळी "विकासाच्या आड येणारे" ठरले. अहो, त्या पट्ट्यातल्या ओढीची माहिती पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरात आहे त्यांना तुम्ही फुकटात कन्सल्टंट म्हणून वापरू शकला असता! सर्व्हेच्या बोटीवर पहिल्याच दिवशी दोन तांडेल (बोट चालवणारे म्होरके) घेतले असते तर काय बिघडलं असतं.

अगदी असंच आमच्या पुण्यात लकडी पुलावर झालं, फक्त इथं बोटींच्या जागी गणपतीचे रथ. विसर्जनाची मिरवणूक अलका चौकात येते आणि तिथून मंडळांचे रथ लकडी पुलावरून खंडुजीबाबा चौकाकडं निघतात. मेट्रो वरून आडवी जाणार. २०२१ च्या सप्टेंबरात गर्डर टाकायची वेळ आली आणि मंडळांनी आवाज उठवला की ह्या उंचीखालून आमचे रथ जाणार नाहीत, महापौरांनी काम थांबवलं, बैठकांवर बैठका, आणि मग काही आठवड्यांनी काम पुन्हा सुरू झालं, मेट्रो झाली. मी दोन्ही बाजूंनी अडकलेला माणूस, कारण लहानपणापासून मंडळाचा कार्यकर्ता. रथाची उंची फुटात किती, कुठल्या वायरीला कुठला पोरगा बांबू घेऊन उभा राहणार, हे आमच्या मंडळातल्या दहावी नापास पोराला पण तोंडपाठ असतं. मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ चं. मधे गेले पाच गणपती. त्यातले शेवटचे दोन कोरोनामुळं मिरवणुकीविना, पण आधीच्या तीन मिरवणुकांत कुणीतरी टेप घेऊन अलका चौकात एक रात्र काढायला पाहिजे होती. आणि हो, हे मी मंडळांनाही म्हणतो, नकाशे काही तिजोरीत नव्हते, आपणही जाऊन बघितलं नाही, गर्डर डोक्यावर आल्यावर वर बघितलं. पण आपलं सोडा, आपण कार्यकर्ते, पगार कुणाला मिळत होता?

बरं, नुसती टीकाच करत नाही, एक गोष्ट जमली ती पण सांगतो कारण ती माझी नाही, चोरलेली आहे. कुठलंही काम सुरू झालं की पहिल्यांदा उभे राहतात पत्रे. मुंबईत तर ऑक्टोबर २०२३ मध्ये धुळीसाठी महापालिकेनं नियमच केला, एक एकराहून मोठा प्लॉट असेल तर पस्तीस फूट उंच पत्रे, लहान असेल तर पंचवीस, शिवाय पाणी मारा, ट्रकवर ताडपत्री, चाकं धुवून बाहेर सोडा. धुळीसाठी बरोबरच आहे ते. पण पत्रा हा लोकांशी बोललेला आपला पहिला शब्द असतो आणि तो शब्द आहे "फुटा". आमच्या एका साइटवर पोरांनी पत्र्याला भोक पाडलं होतं, वॉचमन रोज बुजवायचा, पोरं रोज पाडायची. आमचा फोरमन कंटाळून म्हणाला साहेब तिथं जाळीची खिडकीच करून टाकू. केली, दीड बाय दोन फूट, पोरांच्या उंचीला एक आणि मोठ्यांच्या उंचीला एक.

आठवड्याभरात तिथं आजोबा लोकांचा अड्डा झाला. सकाळचं फिरणं झालं की खिडकीशी, पोकलेन बघत. पायलिंग रिग आली त्या दिवशी तर गर्दी. हळूहळू ते प्रश्न विचारायला लागले, सुपरवायझर उत्तरं द्यायला लागला, आणि मग एक वेळ अशी आली की रस्त्यानं जाणाऱ्यानं "काय चाललंय हो, किती आवाज" म्हटलं की आमच्या आधी एखादे आजोबा सांगायचे, हार्ड रॉक लागलाय, अजून चार दिवस ब्रेकर चालणार, मग नाही. चार लाखांचं चकचकीत ब्रोशर आणि एलईडी स्क्रीनला जे जमलं नाही ते एका निवृत्त पोस्टमास्तरांनी केलं. त्यांनी एकदा मला फोन करून सांगितलं की खालच्या बाजूनं पाणी झिरपताना दिसतंय, आमच्या इंजिनियरच्या लक्षात यायच्या आधी. खरंच झिरपत होतं.

आता जिथं तोंडघशी पडलो ते.

झाडं. रस्तारुंदीच्या एका कामात काही झाडं मुळासकट उचलून दुसरीकडं लावायची होती. लोकांची मीटिंग, वातावरण तापलेलं, आणि मी माइक हातात घेऊन म्हणालो, काळजी करू नका, एकही झाड मारणार नाही, सगळी जगवणार. का म्हणालो? कारण त्या क्षणी टाळ्या पाहिजे होत्या. मला माहीत होतं, कुणालाही माहीत असतं, की मोठं झाड उचलायचं तर आधी काही आठवडे मुळांभोवती चर खणून तयारी लागते, मातीचा गोळा भरपूर मोठा पाहिजे, आणि लावल्यावर दोन वर्षं पाणी. आमच्याकडं ह्यातल्या कशालाच वेळ नव्हता. क्रेन तासाच्या भाड्यानं आली होती.

त्या मीटिंगला एक बाई होत्या, शाळेतून रिटायर झालेल्या, त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर ऑफिसात आल्या, हातात जुन्या पद्धतीचा फोटो अल्बम, लग्नाचा असतो ना तसा, जाड पानांचा. प्रत्येक झाडाला एक पान. पहिला फोटो जुन्या जागी, दुसरा नव्या जागी, मग दर दोन महिन्यांनी एक. खाली सुवाच्य अक्षरात तारीख. पहिल्या काही पानांवर पालवी दिसत होती, मग कमी, मग नुसते खांब. निम्मीसुद्धा जगली नव्हती. त्यांनी मला कुठलाही आरोप केला नाही, फक्त अल्बम उघडून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, तुम्ही सगळी म्हणाला होता. मी सवयीनं फाइल काढायला ड्रॉवर उघडला. आणि मग बंद केला, कारण फाइलीत काय होतं? लावल्याच्या दिवसाचे जिओटॅगवाले फोटो. सगळी झाडं हिरवीगार.

आरेचा विषय निघाला की मला तो अल्बम आठवतो. ऑक्टोबर २०१९, मेट्रो तीनच्या कारशेडसाठी, हायकोर्टानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली, सोमवारी सुप्रीम कोर्टानं थांबवेपर्यंत २१४१ झाडं पडलेली होती. कारशेड कांजूरला गेलं, परत आरेला आलं, सरकारं बदलली, २०२५ च्या ऑक्टोबरात ती लाइन पार कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि मी त्यातून प्रवास केलाय, उत्तम आहे, रस्त्यावरच्या किती गाड्या त्यानं कमी होतील ह्याचं गणितही मला पटतं. पण मुंबईत कुणालाही विचारा आरे म्हणजे काय आठवतं. रात्र आठवते. कायद्यानं हात मोकळे झाले होते, मान्य, पण रात्री करवत चालवली की दिवसा सांगितलेलं सगळं गणित लोकांच्या लेखी खोटं पडतं.

सस्टेनेबिलिटीवर बोलायचं तर मला एकच म्हणायचंय, खरे आकडे आणि त्याबरोबरचा त्रास दोन्ही सांगा. जगात जेवढा कार्बन डायऑक्साइड माणूस सोडतो त्यातला सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो. हे कुठल्याही ब्रोशरवर नसतं, ब्रोशरवर हिरवं पान असतं आणि एक लहान मुलगी फुलपाखरू बघत असते. स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घातलेलं काँक्रीट वापरलं तर सिमेंट कमी लागतं, पण ताकद सुरुवातीला सावकाश येते, सेंटरिंग (स्लॅबखालचे टेकू) जास्त दिवस ठेवावं लागतं, म्हणजे शेजाऱ्यांना जास्त दिवस त्रास. हे मी एकदा एका सोसायटीत असंच सांगितलं. एक काका म्हणाले, मग चालेल की, आधी का नाही सांगत कुणी? मला वाटलं होतं आरडाओरडा होईल.

उलट बाजू एसटीपीची. ग्रीन बिल्डिंग म्हणून विकलेल्या स्कीममध्ये सांडपाण्याचा प्लांट असतो (वनस्पती नव्हे), विकताना सांगतात पाणी पुन्हा वापरता येईल, बागेला, फ्लशला. त्याचं महिन्याचं लाइट बिल, ऑपरेटरचा पगार, गाळ काढायचा खर्च, ब्लोअर (सांडपाण्यात हवा सोडणारं यंत्र) बंद पडला तर येणारा वास, ह्यातलं काही सांगत नाहीत. ताबा मिळाल्यावर सोसायटीची पहिली जनरल बॉडी, पहिला ठराव मेंटेनन्स कमी करा, आणि दुसऱ्या महिन्यात ब्लोअर रात्रीचा बंद. मग दिवसाचा पण. मी असे बंद पडलेले प्लांट इतके बघितलेत की हल्ली नव्या बिल्डिंगमध्ये कुणाकडं गेलो की चहा व्हायच्या आत बेसमेंटमध्ये एक चक्कर मारून येतो, बायको वैतागते. ह्यात चेअरमनची चूक नाही. त्याला कुणी बिल दाखवलंच नव्हतं, पान दाखवलं होतं.

त्या अल्बमनंतर मी काय बदललं? फार नाही. साइटच्या बोर्डावर कंपनीच्या टोल फ्री नंबरऐवजी स्वतःचा नंबर लिहितो, शिव्या खातो. रोज संध्याकाळी गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकतो, उद्या काय होणार, किती वाजता, पाणी जाणार का, गाडी कुठं लावायची. फुलपाखराचे फोटो नाहीत. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणतो, ह्याचा साहेबांना राग येतो. आणि "सगळी", "कधीच", "शंभर टक्के" हे शब्द माइकवर म्हणत नाही.

तर ते बुचाचं झाड. सोमवारी हरकत लिहिली, आयुष्यात पहिल्यांदा. गेट चार फूट सरकवलं तर झाड वाचतं, मी स्वतः टेपनं मोजलं, स्केच काढून जोडलं. क्षेत्रीय कार्यालयात गेलो तर आवक-जावकवाला क्लार्क मला ओळखतो, म्हणाला काय हो, आज इकडच्या बाजूनं? हसला, शिक्का मारून पोच दिली. मग आज संध्याकाळी साडेपाचला फोन, सुनावणी उद्या अकरा वाजता. उद्या अकरा वाजता माझी स्वतःची मीटिंग आहे, दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या झाडांवर, आणि ती मी टाळू शकत नाही.

आई म्हणाली मी जाते. मी तिला समजवायला बसलो, कुठलं कलम, स्केच कसं दाखवायचं, काय बोलायचं, काय नाही बोलायचं, समोरून ते फाइल उघडतील आणि फोटो दाखवतील तेव्हा काय म्हणायचं.

ती म्हणाली, ते म्हणतील ना नोटीस लावली होती? मी विचारीन, कुणीकडं तोंड करून?